अक्काची रेघ

धाकट्याला जाऊन अकरा वर्षं झाली, त्या वर्षी आमच्या घरामागच्या बियाण्याच्या गोदामाचं छप्पर उतरवलं. धाकटा म्हणजे माझ्या अक्काचा धाकटा मुलगा, माझा भाचा. बाकी तारखा माझ्या डोक्यात राहत नाहीत. आमच्या घरात वर्षं मोजायची ती धाकट्याच्या आधीची आणि धाकट्याच्या नंतरची, अशीच.

छप्पर उतरवल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का परसातल्या कुंपणाशी उभी होती.

"गुण्या, हातातलं टाकून ये."

मी रंधा ठेवून गेलो. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन मापायचं हत्यार. लहानपणी मी ताटाशेजारी तांब्याही सरळ रेषेत ठेवायचो, म्हणून अक्कानं पाडलेलं नाव. मी साठी ओलांडली तरी ते सुटलं नाही.

"वर बघ," ती म्हणाली.

कुंपणापलीकडे गोदामाच्या चार भिंती नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या वर पन्नास-साठ पाकोळ्या गोल फिरत होत्या. पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ, मुठीत मावेल एवढं. छप्पर होतं बरोबर त्याच उंचीवर त्या उडत होत्या. जिथं आत शिरायची फट होती तिथं सूर मारायच्या आणि काहीच न लागता पलीकडून बाहेर पडायच्या. पुन्हा वळायच्या, पुन्हा तिथंच.

"तीन दिवस चाललंय," अक्का म्हणाली. "सापडत नाही त्यांना."

"जातील कुठंतरी."

"कुठं? पत्ता सांग की. मीपण लिहून घेते."

अक्काशी वाद घालणं म्हणजे गाठीच्या लाकडात खिळा मारणं, खिळाच वाकायचा.

त्या गोदामात तिनं बावीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. दाभण आणि सुतळी. डोक्यावर छपराच्या फळ्या आणि फळ्यांच्या आड पाकोळ्या. नवरा वारला तेव्हा ती चाळीस वर्षांची होती, दोन मुलं घेऊन माझ्याकडे आली. मी तेव्हा चौतीसचा. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलेलं, तेव्हा कोण कुणाकडे आलं हा प्रश्नच नव्हता. माझं लग्न जमलं नाही. एकदोनदा जमत आलं होतं, पण अक्काला पाहून मुलीकडच्यांना सासू दिसायची.

"तुला एवढा पुळका कशाचा?" मी विचारलं.

"बावीस वर्षं त्यांच्या लेंड्या केसांतून काढल्या. एवढी ओळख पुरे झाली."

---

त्यानंतर आठवड्याभरात रेडिओवर एका बाईचं भाषण झालं. ती बाई कुठल्याशा शेतकी कॉलेजातली होती. बागेत पाकोळ्यांसाठी लाकडाची पेटी कशी करावी, ती कुठं लावावी, हे तिनं सांगितलं. अक्का रेडिओसमोर कागद घेऊनच बसली.

अक्काच्या लिहिण्याबद्दल इथं सांगायला हवं. गोदामात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग चालायचा, तिथं ती पंचेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकली. लिहायच्या आधी ती माझी फूटपट्टी घ्यायची आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढायची. मग त्या रेघेला खालून एकेक अक्षर लटकवत जायची. आपण शब्द संपला की रेघ तोडतो. ती तोडायची नाही. ओळभर एकच रेघ आणि तिला टांगलेली सगळी अक्षरं, सारख्या अंतरावर. वर्गातल्या बाई तिला म्हणायच्या, "शब्द तोडा हो." अक्का म्हणायची, "शिवण मध्येच तोडली तर दाणे गळतात, बाई."

मी एकसष्ट वर्षांचा असताना तिनंच मला अक्षरं शिकवली. तिच्याच पद्धतीनं. मीही एक रेघ ओढायचो आणि एकेक अक्षर जोडून, ओठ हलवत वाचायचो. आता लिहिताना शब्द तोडतो, ते मी फार उशिरा शिकलो.

भाषण संपल्यावर तिनं कागद माझ्या हातात दिला. "वाच आणि कामाला लाग. माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे परवा. मी घरी येईन तोवर पेटी तयार पाहिजे."

"हुकूम."

"हुकूमच आहे. आणि लाकूड विकत आणू नको. छपराच्या फळ्या तिथं पडल्यात, त्या लोकांना विचारून चार घेऊन ये. त्यांच्याच घराच्या फळ्या. वास ओळखतील."

तिचं सगळं बोलणं असं. पाणी भरून ये. बिल भरून ये. दळण टाकून ये. जन्मभर तिचं वाक्य 'ये'वर संपायचं आणि मी जाऊन यायचो.

फळ्या आणल्या. काळ्या पडलेल्या, करवतीच्या जुन्या दात्यांचे ओरखडे तसेच असलेल्या, वास मारणाऱ्या. कागद समोर खिळ्याला अडकवला आणि एकेक ओळ वाचत गेलो. पेटी दोन फूट उंच. आत फळ्या उभ्या, मधली फट बोटभर. खाली तळ नको. आतून रंग नको. मागची फळी खाली वीतभर लांब हवी, म्हणजे पाकोळीला टेकता येईल. जमिनीपासून दोन पुरुष उंच. तोंड सकाळच्या उन्हाकडे. झाडाला नको, खांबाला हवी.

आणि मधेच एक ओळ. आतून रंधा मारून ये.

मला हसू आलं. पाकोळीला गुळगुळीत भिंती कशाला? पण हुकूम तो हुकूम. शिवाय खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माझे उस्ताद म्हणायचे, बाहेरून रंधा गिऱ्हाईक बघतं म्हणून मारायचा आणि आतून मारायचा तो आपली लाज म्हणून. कपाटं, पेट्या, पाळणे, मी जे केलं त्याची आतली बाजू कुणी बघणार नाही हे माहीत असून रंधून दिली. अक्कानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटलं, तिनं बघितलं होतं तर.

दोन पेट्या केल्या. एकेक फळी रंध्याखालून काढली तेव्हा वरचं काळं पूट निघून खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. वरून काचपेपर फिरवला. टेकायची फळीसुद्धा सोडली नाही. हात फिरवला तर माशीचा पाय घसरावा असं काम झालं होतं. वास पार गेला होता.

अक्का डोळ्याला पट्टी बांधून घरी आली. डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायला बंदी केली होती, त्यामुळे कामाच्या पडवीत ती आलीच नाही. बाहेर पडली तेव्हा पेट्या परसात खांबावर चढलेल्या होत्या. तिनं मान वर करून एका डोळ्यानं पाहिलं.

"कागद बघून केलंस ना?"

"ओळ न् ओळ."

"मग बसून राहू," ती म्हणाली आणि मागच्या पायरीवर बसली.

---

पाकोळ्या आल्या. पेट्या लावल्यापासून चौथ्या संध्याकाळी पहिली आली. खालच्या फळीवर टेकली, आत शिरली. बारीक खरखर ऐकू आली, मग काही पडावं तशी ती खालून बाहेर पडली आणि उडून गेली. दुसरी आली, तिचंही तसंच.

"आज तीन आल्या," अक्का सांगायची.

"राहिल्या?"

"बघून गेल्या. घरमालकाचं तोंड आवडलं नसेल."

मार्च गेला, एप्रिल गेला. मी खांब हलवला, दोन हात उंच केला, तोंड जरा फिरवलं. रोज कागद काढून वाचायचो आणि एकदा जे वाचलं होतं तेच पुन्हा वाचायचो. शेवटी कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशातच ठेवला. अक्का मला काही बोलली नाही. पण संध्याकाळी पायरीवर बसून ती मान वर करून बघत राहायची आणि अंधार पडला की गुडघ्यावर हात टेकून उठायची. एकदा उठता उठता म्हणाली, "धाकटा मोजायचा. गोदामातून बाहेर पडताना. एकशेचाळीसपर्यंत गेला होता एकदा."

मग आत जाऊन तिनं दिवा लावला.

धाकटा गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. थोरला गोदामाचा टेम्पो चालवायचा. त्या दिवशी थोरला पिऊन होता आणि धाकटा त्याच्या शेजारी बसला होता. थोरल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, एवढंच. तो गळ्यात हात बांधून घरी आला तेव्हा अक्का दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी आहे तोवर या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही."

त्यानं ठेवला नाही. तीन तासांच्या अंतरावर एका गावात पंक्चर काढायचं दुकान टाकलं, लग्न केलं नाही, पुन्हा गाडी चालवली नाही. पीत मात्र होता. वर्षातून दोनदा मी हत्यारांना धार लावायच्या निमित्तानं त्याच्याकडे जाऊन यायचो. तो हातातलं टायर खाली ठेवायचा आणि विचारायचा,

"काही म्हणाली का?"

"नाही रे."

"बरं."

मग आम्ही चहा प्यायचो. मी परत आलो की अक्का माझ्या पिशवीकडे बघायची. "लागली का धार?"

"लागली."

"धार लावायला दिवस जातो तुझा."

तिला ठाऊक होतं, असं मला वाटायचं. ठाऊक असून ती अडवत नाही, म्हणजे कुठंतरी गाठ सैल होते आहे, असंही वाटायचं. अकरा वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहत होतो. थोरला पाहत होता त्याहून कदाचित जास्तच.

---

जूनच्या सोळा तारखेला सकाळी अक्का न्हाणीत पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरकारी दवाखान्यात सहा खाटांच्या खोलीत तिला खिडकीजवळची खाट मिळाली.

संध्याकाळी नर्स सलाइन बदलायला आली. "मुलंबाळं कोणी?"

"एक मुलगा आहे. लांब असतो."

"मग कळवा की, आजोबा. कशाची वाट बघताय?"

"बघतो," मी म्हणालो. अक्का डोळे मिटून होती. ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डावा हात उचलला आणि हवेत आडवी रेघ ओढली. मला लगेच कळलं. कानावरची पेन्सिल काढली, खिशात फूटपट्टी होतीच. कागद दुसरा नव्हता. पाकोळ्यांचा कागद होता, तोच उलटा करून तिच्या पोटावर एका पुठ्ठ्यावर धरला. तिनं पट्टीकडे बोट केलं. मी पट्टी धरली आणि तिनं डाव्या हातानं या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. तेवढ्यानंच तिला घाम आला. थांबली. मग एकेक अक्षर लटकवायला लागली. वाकडी, लहानमोठी अक्षरं. एक अक्षर आणि मग दम. बराच वेळ लागला. शेवटचं अक्षर झाल्यावर पेन्सिल तिच्या हातातून गळून खाटेखाली गेली.

मी ओठ हलवत वाचलं.

थोरल्याला बोलावून ये.

मी पेन्सिल उचलायलाही थांबलो नाही. "आलोच," म्हणालो. "घेऊनच येतो त्याला." ती काय करत होती ते मी पाहिलं नाही. तिला पुन्हा विचारलंही नाही. अकरा वर्षांनी जे वाचायला मिळालं ते खरं का म्हणून कोण विचारणार? मी जिन्यातून जवळजवळ पळत उतरलो, या वयात.

थोरला एका सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. मला अवेळी बघून उभा राहिला. सवयीनं तेच विचारलं,

"काही म्हणाली का?"

मी कागद पुढं केला. "बोलावलंय तुला."

त्यानं ओल्या हातानं तो घेतला नाही. आधी साबण घेतला आणि नळाखाली हात धुवत बसला. बोटं, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. काळं निघत नव्हतं, तरी धूत होता. मी म्हणालो, "अरे, बस चुकेल." मग त्यानं हात पुसले, कागद घेतला आणि बसमध्ये तीन तास तो मांडीवर उघडा ठेवून बसला.

संध्याकाळी आम्ही खोलीत शिरलो. अक्कानं डोळे उघडले. थोरला खाटेपाशी गेला, वाकला. "आई," म्हणाला. तिच्या घशातून एक आवाज आला, त्याचा शब्द झाला नाही. डावा हात उचलला गेला आणि त्याच्या छातीवर टेकला. तळवा उघडा, बोटं पसरलेली. जोर करत होती हे दिसत होतं.

"धरतेय बघ तुला," मी म्हणालो.

थोरल्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागला. अक्कानं मान भिंतीकडे वळवली. नर्स म्हणाली, दमल्यात.

पुढचे दोन दिवस तिनं डोळे फारसे उघडले नाहीत. मी दोनदा तिच्या हातात पेन्सिल दिली. दोन्ही वेळा तिनं बोटं मिटली नाहीत.

---

अक्काचं सगळं आटोपल्यावर थोरला घरी आला तो उंबऱ्याबाहेर थांबला.

"आत ये," मी म्हणालो. "बोलावलं होतं ना तिनं."

तेव्हा तो आत आला. अकरा वर्षांनी. स्वयंपाकघरात गेला, धाकटा सदरा अडकवायचा ती खुंटी बघितली, पाणी प्यायला. तेव्हापासून दर रविवारी यायला लागला. पिणं सोडलं होतं. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. "तिनं बोलावलं, मामा. आता कसा पिऊ?" तो कागद त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. दुकानात काम करताना काळ्या हातांनी काढायचा नाही, पण खिशावर हात ठेवून बघायचा. आणि मीही मनात म्हणायचो, आयुष्यात एक तरी निरोप आपण वेळेवर पोचवला.

फेब्रुवारी आला. पाकोळ्या पुन्हा हिंडताना दिसायला लागल्या. पेट्या रिकाम्याच होत्या. थोरला म्हणाला, "उतरवून बघू या का? आत काही घाण असेल, मधमाश्यांनी घर केलं असेल."

पहिली पेटी उतरवली. मी पुढच्या फळीचे स्क्रू काढले आणि फळी उचलली.

आत काही नव्हतं. घाण नाही, माश्या नाहीत. मधाच्या रंगाचं गुळगुळीत लाकूड आणि त्यावर ओरखडे. बारीक, उभे, केसाएवढे. शेकडो. सगळे खालून सुरू झालेले आणि वीतभर वर जाऊन संपलेले. त्याच्या वर एकही नाही.

थोरल्यानं आत हात फिरवला. "मामा, हे एवढं गुळगुळीत कशाला केलंत? पाकोळीनं धरायचं कशाला?"

"अक्कानं लिहिलं होतं तसं केलं."

"नाही हो," तो म्हणाला. "उलटं लिहिलंय. मला पाठ आहे, मागची बाजूसुद्धा."

त्यानं हात पँटला पुसले, खिशातून पाकीट काढलं, कागद काढला आणि पाकोळ्यांची बाजू वर करून बोट ठेवलं. "ही बघा ओळ. आतून रंधा मारू नये."

"मारून ये," मी म्हणालो.

"मारू नये, मामा. नये. रेडिओवरची बाई काय 'ये' म्हणणार आहे?"

मी कागदाला नाक लावून पाहिलं. ओळभर एकच रेघ. मा, रू, न, ये. सारख्या अंतरावर. 'न' कुणाचा, आधीच्याचा की नंतरच्याचा, हे सांगायला मध्ये काही नव्हतं.

मला हसू येणार होतं. "काय गाढव आहे मी," असं म्हणण्यासाठी तोंड उघडलंही होतं. मग मी थोरल्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याचं बोट अजून त्या 'न'वर होतं.

त्यानं कागद सावकाश उलटा केला.

परसात ऊन होतं. कुंपणापलीकडे नव्या इमारतीचं काम चालू होतं, कुणीतरी लोखंड कापत होतं. आम्ही दोघं त्या एका ओळीकडे बघत होतो. बो, ला, वू, न, ये.

माझ्या डोळ्यांसमोर तो पसरलेला तळवा आला. मला बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अरे, ती मला नेहमीच... तिचं प्रत्येक वाक्य 'ये'वर..." आणि पुढचं सुचेना. कारण तिनं ती ओळ लिहिली त्याच्या आदल्या संध्याकाळी नर्स म्हणाली होती, मुलाला कळवा की. आणि मी म्हटलं होतं, बघतो. आणि ती डोळे मिटून पडली होती.

थोरल्यानं कागदाची घडी घातली. होत्या त्याच घड्यांवर.

"पटाशी द्या, मामा," तो म्हणाला.

"मी करतो. तुला जमणार नाही."

"द्या."

मी दिली. तो जमिनीवर बसला, फळी मांडीवर घेतली आणि आडव्या खाचा पाडायला लागला. बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एकेक खाच. त्याला सुतारकामाची सवय नव्हती. खाचा वाकड्या जात होत्या, मध्येच खोल, मध्येच उथळ, एका ठिकाणी बोट कापलं. मी गुण्या म्हणवणारा माणूस, शेजारी बसून होतो आणि एकही खाच सरळ करायला हात पुढं केला नाही. दोन्ही पेट्यांच्या सगळ्या फळ्या त्यानं एकट्यानं खरखरीत केल्या. संध्याकाळी त्या पुन्हा खांबावर चढवल्या.

एप्रिलमध्ये पाकोळ्या राहिल्या. पहिल्या दिवशी दोन, महिनाअखेर अकरा. आता बत्तीस आहेत.

थोरला अजून दर रविवारी येतो. पितो का, ते मी विचारत नाही. तो कागद त्याच्या खिशात मला पुन्हा दिसला नाही, तेही विचारलं नाही. आला की घराला वळसा घालून परसात जातो आणि मागच्या पायरीवर, अक्का बसायची तिथं, उंबऱ्याबाहेर बसतो. मी चहा आत मांडतो. हाक मारतो, "आत ये की रे."

"इथून बरं दिसतं, मामा," तो म्हणतो.

मग मी त्याचा कप बाहेर नेऊन देतो आणि माझाही.

धाकटा गेला तो मंगळवार होता, वय एकोणीस. अक्का त्यानंतर अकरा वर्षांनी गेली, जूनच्या एकोणीस तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास. त्या वेळी खाटेच्या एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला थोरला.